सुझुकी पद्धत

सुझुकी पद्धत ही लहान मुलांना वाद्यसंगीत शिकविण्याची, विसाव्या शतकात जपानमध्ये विकसित झालेली शिक्षणपद्धती आहे. जपानी व्हायोलिनवादक व शिक्षक शिनिची सुझुकी (१७ ऑक्टोबर, इ.स. १८९८ – २६ जानेवारी, इ.स. १९९८) हे तिचे प्रवर्तक होत. मूल ज्या क्रमाने व ज्या वातावरणात मातृभाषा आत्मसात करते, त्याच क्रमाने व तशाच वातावरणात ते संगीतही आत्मसात करू शकते, हे या पद्धतीचे मूळ गृहीतक आहे. म्हणून तिला ‘मातृभाषा पद्धत’ असेही म्हणतात. आधी ऐकणे, मग अनुकरण, मग पुनरावृत्ती आणि वाचन सर्वांत शेवटी, असा तिचा क्रम आहे. संगीतातील गुणवत्ता ही मोजक्या मुलांना जन्मतः मिळालेली देणगी नसून ती प्रत्येक मुलात घडविता येते, असा सुझुकी यांचा दावा होता. ही पद्धत प्रारंभी व्हायोलिनपुरती मर्यादित होती. पुढे तिचा विस्तार चेलो, पियानो, फ्लूट, व्हायोला, गिटार इत्यादी वाद्यांपर्यंत झाला.

शिनिची सुझुकी

सुझुकी यांचा जन्म जपानमधील नागोया या शहरात झाला. त्यांचे वडील मासाकिची सुझुकी हे शामिसेन हे पारंपरिक जपानी तंतुवाद्य बनविणाऱ्या घराण्यातील होते. मासाकिची यांनी पुढे व्हायोलिननिर्मितीचा कारखाना उभारला व तो जपानमधील सर्वांत मोठा कारखाना ठरला. शिनिची यांचे बालपण अशा रीतीने व्हायोलिनांच्या सान्निध्यात गेले. परंतु ते वाजविण्याचे शिक्षण त्यांना बालपणी मिळाले नाही. कारखान्यातील असंख्य वाद्ये त्यांच्या लेखी जवळजवळ खेळणीच होती.

वयाच्या सतराव्या वर्षी त्यांनी ग्रामोफोनवर मिशा एलमन या व्हायोलिनवादकाने वाजविलेली शूबर्टची ‘आवे मारिया’ ही रचना ऐकली. व्हायोलिनमधून असा स्वर निघू शकतो, याचे त्यांना आश्चर्य वाटले. त्यांनी कारखान्यातून एक व्हायोलिन घरी आणले व ध्वनिमुद्रिका पुनःपुन्हा ऐकून स्वतःच वाजविण्याचा प्रयत्न सुरू केला. त्यानंतर त्यांनी टोकियो येथे को आंदो यांच्याकडे व इ.स. १९२० च्या दशकात बर्लिन येथे शिक्षण घेतले. बर्लिनमध्ये आपण कार्ल क्लिंगलर यांचे शिष्य होतो, असे त्यांनी नमूद केले आहे. इ.स. १९२८ मध्ये वाल्ट्राउड प्रांगे या जर्मन युवतीशी त्यांचा विवाह झाला. त्यानंतर ते जपानला परतले व आपल्या भावांसह त्यांनी ‘सुझुकी चौकडी’ हा तंतुवाद्यांचा संच स्थापन केला.

संकल्पनेचा उगम

इ.स. १९३० च्या दशकाच्या आरंभी तोशिया एतो या सुमारे चार वर्षांच्या मुलाला त्याचे वडील सुझुकी यांच्याकडे घेऊन आले व त्याला व्हायोलिन शिकविण्याची त्यांनी विनंती केली. इतक्या लहान मुलाला शिकवावे कसे, हा सुझुकी यांच्यापुढील प्रश्न होता. तोपर्यंत त्यांच्याकडे येणारे विद्यार्थी वयाने मोठे होते आणि प्रचलित पाठ्यपुस्तके वाचता येणाऱ्यांसाठीच लिहिलेली होती.

या प्रश्नाचा विचार करताना सर्वांच्या नित्य परिचयातील एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली. जपानमधील सर्व मुले जपानी भाषा बोलतात. ही भाषा सोपी नव्हे. तिच्यातील आदरार्थी रूपे, उच्चारांतील चढउतार व बोलीभेद प्रौढ परकीयाला जेरीस आणतात. तरीही पाच-सहा वर्षांचे मूल ती अस्खलित बोलते आणि ओसाकाचे मूल ओसाकाच्या बोलीतील बारकावे नेमके उचलते. शाळेत गणितात मागे पडणारे मूलही घरी मातृभाषा उत्तम बोलते. यावरून, मुलात क्षमतेचा अभाव नसून शाळेच्या शिक्षणपद्धतीत काहीतरी उणे आहे, असा निष्कर्ष सुझुकी यांनी काढला. भाषा शिकविण्याची जी रीत प्रत्येक घरात नकळत यशस्वी होते, तीच संगीताला लावावी, असे त्यांनी ठरविले.

तोशिया एतो पुढे जपानमधील नामवंत व्हायोलिनवादक झाले. सुझुकी यांच्याकडे बालपणी शिकलेले कोजी तोयोदा हेही पुढे बर्लिनमधील एका वाद्यवृंदाचे प्रमुख व्हायोलिनवादक झाले.

मात्सुमोतो येथील कार्य

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सुझुकी यांच्या वडिलांच्या कारखान्यात व्हायोलिनऐवजी सागरी विमानांचे लाकडी तरंगते भाग बनविले जात होते. युद्ध संपल्यावर अन्नटंचाई व विध्वंस यांनी ग्रासलेल्या जपानमध्ये, इ.स. १९४६ साली, सुझुकी यांनी नागानो प्रांतातील मात्सुमोतो या पर्वतवेष्टित शहरात मुलांना संगीत शिकविण्यास प्रारंभ केला. या कार्याला त्यांनी ‘साइनो क्योइकु’ असे नाव दिले. ‘साइनो’ या जपानी शब्दाचा अर्थ गुणवत्ता अथवा क्षमता आणि ‘क्योइकु’ म्हणजे शिक्षण.

व्यावसायिक वादक तयार करणे हा आपला मुख्य हेतू नाही, हे सुझुकी यांनी वारंवार स्पष्ट केले. युद्धाने मुलांची जी हानी केली होती, तिच्यावर उपाय म्हणून मुलाचे मन संवेदनशील व चारित्र्य सुंदर व्हावे, हे त्यांचे ध्येय होते. हाच विचार त्यांनी संगीताबाहेरही नेला. मात्सुमोतो येथील त्यांच्या बालवाडीत मुले कोबायाशी इस्सा या कवीच्या हायकू रचना ऐकून व पुनरावृत्ती करून मुखोद्गत करीत. इ.स. १९५५ मध्ये टोकियो येथे झालेल्या मोठ्या मैफलीत हजाराहून अधिक मुलांनी एकत्र व्हायोलिनवादन केले. इ.स. १९६१ मध्ये जगद्विख्यात चेलोवादक पाब्लो कासाल्स यांनी टोकियो येथे या मुलांचे वादन ऐकले, तेव्हा त्यांना अश्रू आवरले नाहीत.

पद्धतीचे स्वरूप

श्रवण: मूल बोलू लागण्यापूर्वी अनेक महिने केवळ ऐकत असते. त्याप्रमाणे, वाद्य हाती घेण्यापूर्वी व घेतल्यानंतरही पुढे शिकावयाच्या रचनांचे उत्तम ध्वनिमुद्रण मुलाने घरी रोज ऐकावे, अशी अपेक्षा असते. रचना वाजविण्याची वेळ येते तेव्हा ती मुलाच्या कानाला आधीच परिचित झालेली असते. परिणामी आपला स्वर चुकला, हे मुलाला शिक्षकाने सांगण्यापूर्वीच जाणवते.

पालकांचा सहभाग: घरी भाषा शिकविणारे आई-वडील या पद्धतीत ‘घरचे शिक्षक’ असतात. प्रारंभी वाद्य पालकाच्या हाती दिले जाते व पहिली सोपी रचना पालकाने शिकावी, असा प्रघात आहे. मूल ते पाहते व मलाही द्या, असा हट्ट धरते. ही इच्छा निर्माण झाल्यावरच त्याच्या हाती वाद्य येते. पुढे प्रत्येक पाठाला पालक उपस्थित राहतात, टिपणे घेतात आणि घरी रोजचा सराव करून घेतात.

लहान आकाराची वाद्ये: तीन-चार वर्षांच्या मुलांसाठी १/१६ अशा मापाची छोटी व्हायोलिने वापरतात. त्याहीपूर्वी, वाद्य हनुवटीखाली धरण्याची सवय व्हावी म्हणून पुठ्ठ्याची पेटी आणि गजाऐवजी साधी काडी दिली जाते. उभे राहण्याची जागा कळावी म्हणून कागदावर पावलांचे ठसे काढतात.

लहान टप्पे व पुनरावृत्ती: प्रत्येक पाठात एकाच मुद्द्यावर भर देतात. नवी रचना शिकल्यावर जुनी सोडून दिली जात नाही. मूल ‘आई’ हा शब्द शिकल्यावर तो टाकून देत नाही, तर आयुष्यभर वापरते. त्याचप्रमाणे पूर्वीच्या रचना रोज वाजविल्या जातात व त्यांच्यावर नवी कौशल्ये चढविली जातात. ज्या दिवशी जेवण केले त्या दिवशीच सराव करावा, असा सुझुकी यांचा विनोदी सल्ला प्रसिद्ध आहे.

प्रोत्साहन: बाळाच्या पहिल्या बोबड्या शब्दाला घरात कोणी नापास करीत नाही, उलट सर्वांना आनंद होतो. या पद्धतीतही चुकीच्या उल्लेखापूर्वी प्रयत्नाची प्रशंसा अपेक्षित आहे.

सामूहिक वादन: वैयक्तिक पाठांबरोबरच सामूहिक वर्ग भरतात. सर्व मुलांचा रचनाक्रम समान असल्याने निरनिराळ्या वयांची, अगदी निरनिराळ्या देशांतील मुलेही एकत्र वाजवू शकतात. लहान मुले मोठ्यांचे पाहून शिकतात.

वाचन लांबणीवर: मूल अस्खलित बोलू लागल्यावर अक्षरे शिकते. म्हणून स्वरलेखनाचे वाचन वादनाची मूलभूत कौशल्ये स्थिर झाल्यावर शिकविले जाते.

रचनासंच

व्हायोलिनसाठीच्या अभ्यासक्रमाचे १० खंड आहेत. पहिल्या खंडाचा आरंभ ‘ट्विंकल ट्विंकल लिटल स्टार’ या सर्वपरिचित चालीच्या लयभेदांनी होतो. एकाच चालीतील स्वर निरनिराळ्या लयबंधांत वाजवून गजावरील ताबा मिळविणे, हा त्यामागील हेतू आहे. हे लयबंध मुलांच्या ओठी बसावेत म्हणून ठिकठिकाणचे शिक्षक त्यांना आपापल्या भाषेतील शब्दांची जोड देतात. लोकगीते, सुझुकी यांच्या स्वतःच्या काही छोट्या रचना आणि बाखची मिन्युएट नृत्ये यांतून जात हा खंड गोसेकच्या गाव्होत या रचनेपाशी संपतो. पुढील खंडांत व्हिवाल्दी व बाख यांच्या रचना येतात आणि शेवटचे दोन खंड मोझार्टच्या व्हायोलिन कंचेर्टोंना वाहिलेले आहेत. केवळ बोटांच्या व्यायामासाठी लिहिलेले कंटाळवाणे धडे जवळजवळ नाहीत. तंत्र हे रचनेतूनच शिकावे, अशी योजना आहे. स्वराच्या गोडव्यासाठीच्या खास सरावाला सुझुकी यांनी ‘टोनलायझेशन’ असा नवा शब्द योजला.

प्रसार

इ.स. १९५८ मध्ये जपानी मुलांच्या सामूहिक वादनाचा एक चित्रपट अमेरिकेतील ओहायो राज्यात ओबर्लिन येथे संगीतशिक्षकांना दाखविण्यात आला. बाखची दोन व्हायोलिनांसाठीची अवघड रचना एवढी मुले एकत्र वाजवीत आहेत, हे दृश्य तेथील शिक्षकांना अनपेक्षित होते. त्यानंतर जॉन केंडल हे अमेरिकन शिक्षक इ.स. १९५९ मध्ये जपानला जाऊन आले. इ.स. १९६४ मध्ये सुझुकी स्वतः १० बालवादकांसह अमेरिकेच्या दौऱ्यावर गेले व फिलाडेल्फिया येथे संगीतशिक्षकांच्या अधिवेशनात मुलांचे वादन झाले. या दौऱ्यानंतर पद्धतीचा अमेरिकेत व पुढे युरोप व ऑस्ट्रेलियात वेगाने प्रसार झाला. सुझुकी यांचे विचार मांडणारा जपानी ग्रंथ इ.स. १९६६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याचा इंग्लिश अनुवाद वाल्ट्राउड सुझुकी यांनी केला व तो इ.स. १९६९ मध्ये ‘नर्चर्ड बाय लव्ह’ या नावाने प्रकाशित झाला. इ.स. १९८३ मध्ये आंतरराष्ट्रीय सुझुकी संघाची स्थापना झाली. अमेरिकन व्हायोलिनवादक हिलरी हान यांच्या शिक्षणाचा प्रारंभ बाल्टिमोर येथील सुझुकी वर्गात, वयाची चार वर्षे पूर्ण होण्यापूर्वी झाला.

मातृभाषेशी साम्य व त्याच्या मर्यादा

भाषा व संगीत या दोहोंचे संस्कार लहानपणी विशेष खोल उमटतात, याला संशोधनाचा आधार मिळाला आहे. एरिन हॅनन व सँड्रा ट्रेहब यांनी इ.स. २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, उत्तर अमेरिकेतील सहा महिन्यांच्या बालकांना बाल्कन प्रदेशातील विषम तालांतील बिघाड ओळखता आला. त्याच देशांतील प्रौढांना मात्र तो ओळखता आला नाही. बारा महिन्यांच्या बालकांची स्थिती प्रौढांसारखी होऊ लागली होती; परंतु ते संगीत काही दिवस ऐकविल्यावर त्यांची क्षमता परत आली. म्हणजे, मूल ज्या भाषेचे ध्वनी ऐकते त्यांना त्याचा कान जसा सरावतो, तसाच तो भोवतालच्या संगीतालाही सरावतो. सुझुकी यांनी यासाठी उगुइसू या जपानी गायक पक्ष्याचे उदाहरण दिले होते. या पक्ष्याचे पिल्लू उत्तम गाणाऱ्या पक्ष्याच्या सान्निध्यात ठेवले, तर तेही उत्तम गाते.

तथापि हे साम्य संपूर्ण नाही. पहिला फरक गरजेचा आहे. मुलाला भूक, तहान, भीती व हट्ट व्यक्त करण्यासाठी भाषा हवी असते आणि ती जागेपणीचे सर्व तास त्याच्या कानावर पडत असते. व्हायोलिनवाचून मुलाचे काही अडत नाही. त्यामुळे भाषेच्या बाबतीत आपोआप लाभणारे वातावरण संगीतासाठी घरात प्रयत्नपूर्वक उभे करावे लागते. पालकाचा रोजचा वेळ हा म्हणूनच या पद्धतीचा खरा आधार आहे. तो देण्यास सवड नसलेल्या, वाद्य व शिकवणी यांचा खर्च न झेपणाऱ्या घरातील मूल सुझुकी यांच्या मते तितकेच समर्थ असूनही मागे राहते.

दुसरा फरक निर्मितीचा आहे. मूल केवळ ऐकलेली वाक्ये परत म्हणत नाही. पूर्वी कधीही न ऐकलेली नवी वाक्ये ते स्वतः रचते. सुझुकी पद्धतीत मात्र ठरलेल्या रचना ठरलेल्या क्रमाने वाजविल्या जातात व उत्स्फूर्त रचनेला मूळ आराखड्यात फारसे स्थान नाही. मातृभाषेच्या तुलनेतील ही सर्वांत मोठी उणीव मानली जाते.

तिसरा प्रश्न जन्मजात क्षमतेचा आहे. सुझुकी यांनी भाषेचे उदाहरण वातावरणाचे महत्त्व सिद्ध करण्यासाठी दिले. परंतु नोम चॉम्स्की यांनी इ.स. १९५९ पासून मांडलेल्या विचारानुसार, मुले भाषा इतक्या सहज शिकतात याचे कारण मानवी मेंदूतील उपजत भाषाक्षमता हे आहे. ही क्षमता सर्व मानवांना समान असल्यामुळे ती सुझुकी यांच्या ‘प्रत्येक मूल’ या शब्दप्रयोगाला बाधक ठरत नाही. मात्र व्हायोलिनवादनासाठी तशीच सार्वत्रिक क्षमता आहे, हे त्यातून सिद्ध होत नाही. स्वीडनमधील जुळ्या व्यक्तींच्या, इ.स. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, स्वर व लय ओळखण्याच्या क्षमतेवर आनुवंशिकतेचा मोठा प्रभाव आढळला. किंबहुना, कोण किती सराव करतो, यावरही हा प्रभाव दिसून आला. सुझुकी यांनीही जन्मजात भेद पूर्णतः नाकारले नव्हते. परिस्थितीशी जुळवून घेण्याचा वेग व संवेदनशीलता यांत मुला-मुलांत भेद असू शकतो, असे त्यांचे मत होते.

टीका

स्वरलेखन उशिरा शिकविल्याने या पद्धतीतील मुले वाचनात कच्ची राहतात, हा आक्षेप सर्वाधिक घेतला गेला. जपानमधील मुलांना शाळेतच संगीतवाचन शिकविले जात असल्याने तेथे ही अडचण विशेष जाणवली नाही. अमेरिकेत ती प्रकर्षाने पुढे आली. तेथील अनेक शिक्षकांनी वाचनाची पूरक पुस्तके लवकर वापरण्यास प्रारंभ केला. मोठ्या संख्येने एकसारखे वादन करणारी मुले पाहून, ही पद्धत यांत्रिक अनुकरण घडविते, अशीही टीका झाली. ध्वनिमुद्रणातील एकाच वादकाची लकब मुले उचलतात, असे काहींचे म्हणणे आहे. अमेरिकन व्हायोलिनवादक मार्क ओ’कॉनर यांनी इ.स. २०१४ मध्ये सुझुकी यांच्या बर्लिनमधील शिक्षणाविषयीच्या कथनावर जाहीर शंका घेतली. समर्थकांनी तिचा प्रतिवाद केला.

समांतर विचार

हंगेरीमध्ये झोल्तान कोदाय (१८८२–१९६७) यांनी ‘संगीताची मातृभाषा’ ही कल्पना वेगळ्या अर्थाने मांडली. मुलाने प्रथम आपल्या भाषेतील लोकगीते गावीत व त्यांतून संगीत शिकावे, असे त्यांचे प्रतिपादन होते. त्यांच्या परंपरेत गायनाला अग्रस्थान असून वाचनही लवकर शिकविले जाते. जर्मनीत कार्ल ओर्फ (१८९५–१९८२) यांनी बोलणे, हालचाल व साधी तालवाद्ये यांतून मुलांच्या उत्स्फूर्त निर्मितीवर भर दिला. अमेरिकेत एडविन गॉर्डन (१९२७–२०१५) यांनी संगीत मनातल्या मनात ऐकून समजण्याच्या क्षमतेला केंद्रस्थानी ठेवले व तिची वाढ भाषेच्या वाढीशी ताडून पाहिली.

भारतीय संगीताची गुरू-शिष्य परंपरा व सुझुकी पद्धत यांचा ऐतिहासिक संबंध नाही; तथापि दोहोंत साम्य आहे. हिंदुस्थानी संगीताची तालीम मुख्यतः गुरूचे ऐकून व तसे गाऊन होत आली आहे. महाराष्ट्रात वारकरी कीर्तनात टाळ धरून उभी राहणारी मुले अभंगांच्या चाली व ठेके पुस्तकावाचून उचलतात. बालपणी ग्रामोफोनवर ऐकलेले नामवंतांचे गाणे हुबेहूब गाणारे कुमार गंधर्व (१९२४–१९९२) हे श्रवणातून शिकण्याचे ठळक उदाहरण आहे. मात्र त्यांचे शिक्षण नकलेवर थांबले नाही. मुंबईत बी. आर. देवधर यांच्याकडे शिकल्यानंतर त्यांनी स्वतःची स्वतंत्र गायकी घडविली. हिंदुस्थानी परंपरेत शिष्याने रागाच्या चौकटीत अखेर स्वतःचे बोलावे, अशी अपेक्षा असते. ऐकण्यापासून स्वतः बोलण्यापर्यंतचा भाषेचा संपूर्ण प्रवास त्यात दिसतो.

महत्त्व

संगीत शिकण्यासाठी आधी ‘कान’ किंवा ‘देणगी’ असावी लागते, या समजुतीमुळे अनेक मुले प्रारंभापूर्वीच बाजूला सारली जात. सुझुकी यांच्या कार्याने निवडचाचणीविना मुलांना प्रवेश देण्याची रीत रूढ केली व तीन-चार वर्षांचे सामान्य मूलही तंतुवाद्य सुरेल वाजवू शकते, हे प्रत्यक्ष दाखविले. संगीतवर्गात पालकाला स्थान देणे, लहान आकाराची वाद्ये व घरी नियमित श्रवण या गोष्टी आज ही पद्धत न अनुसरणारे शिक्षकही वापरतात. मातृभाषेची उपमा काटेकोर कसोटीवर अपुरी ठरते. परंतु मूल शिकले नाही तर दोष मुलाचा मानण्यापूर्वी शिकविण्याची रीत व घरातील वातावरण तपासावे, हा तिच्यातील आग्रह संगीताबाहेरील शिक्षणविचारातही दखलपात्र ठरला आहे.